शास्त्रज्ञाने ग्रामसभेत बोलावं का? (आणि बोलला तर पुढे काय होतं?)

कातळकोर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी भूजलाचा माणूस. पुण्यातल्या एका संस्थेत नोकरी, पगार सरकारी. गेली तीन वर्षं नगर जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही ४१ विहिरींची पातळी दर पंधरवड्याला मोजतोय. काम अगदी साधं आहे. टेपच्या टोकाला वजन बांधून विहिरीत सोडायचा, पाण्याला टेकल्याचा 'डुब्ब' आवाज आला की आकडा लिहायचा आणि पुढच्या विहिरीवर जायचं. वाटेत निदान तीन घरी चहा होतो, त्यामुळे आकड्यांइतकीच गावातली भांडणंही आम्हाला माहीत झाली आहेत.

गावात शेततळी वाढली तशी जानेवारीनंतर विहिरींची पातळी भसाभस खाली जायला लागली, असं आमच्या नोंदींत दिसतं. कागदोपत्री शेततळं पावसाच्या पाण्यासाठी असतं. प्रत्यक्षात बरीचशी शेततळी विहिरीतून उपसून भरली जातात. आपल्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते फक्त भेगांत आणि मुरमाच्या थरात, खडकाच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के. तेवढंच, आणि ते सगळ्या गावाचं मिळून. ज्याची मोटर मोठी आणि ज्याला प्लास्टिकचं अस्तर परवडतं, त्याने दिवाळीनंतर उपसून आपल्या तळ्यात टाकलं की शेजाऱ्याच्या विहिरीने काय करायचं?

त्यात बाष्पीभवन. ३० बाय ३० मीटरचं तळं काठोकाठ भरलेलं असेल तर एप्रिल-मेमध्ये दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडतं. गुणाकार करून बघा, ७ ते ९ हजार लिटर होतात. म्हणजे रोज एक छोटा टँकर आकाशात.

सरपंचबाई म्हणाल्या, "सर, हे तुम्ही ग्रामसभेत सांगा. आम्ही सांगितलं की भाऊबंदकी होते, तुम्ही सांगितलं की शास्त्र होतं." संस्थेतले वरिष्ठ म्हणाले, "आकडे द्या, मत देऊ नका." मी गेलो, पंधरा मिनिटं बोललो. त्यातली चाळीस सेकंदं कापून कुणीतरी व्हॉट्सॅपवर फिरवली, 'शास्त्रज्ञ म्हणतात शेततळी बंद करा'. असं मी म्हणालोच नव्हतो. चौथ्या दिवशी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला.

तर प्रश्न असा: शास्त्रज्ञाने धोरणाच्या भानगडीत पडावं का? पडावं तर कुठे, कसं, कुणाशी बोलावं? अनुभव असलेल्यांनी लिहा. 'तुम्ही फार चांगलं काम करता' असले प्रतिसाद नकोत. तेवढं आई सांगते.

---

वाटाण्याच्या_अक्षता

तुम्ही फार चांगलं काम करता.

---

हिरकणी७७

वरच्यांना धरा रे कुणीतरी 😀
विषय महत्त्वाचा आहे, वाचतेय.

---

निवृत्त_टिपणीकार

मंत्रालयात ३१ वर्षं काढली, शेवटची अकरा कृषी आणि जलसंधारणाच्या आसपास. पलीकडच्या टेबलावरून शास्त्रज्ञ कसा दिसतो ते सांगतो.

शास्त्रज्ञ येतो तेव्हा शासन निर्णय निघालेला असतो, तरतूद झालेली असते, उद्घाटनाची तारीखही ठरलेली असते. हा अहवाल घेऊन येतो. अहवाल ८० पानी, इंग्रजीत, आणि शेवटचं वाक्य 'अधिक संशोधनाची गरज आहे'. साहेब विचारतात, "म्हणजे मी करू काय?" याचं उत्तर त्यात नसतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

आमच्याकडे चालतं ते एक पान. मराठीत. वर विषय, मग सध्याची तरतूद काय, अडचण काय, बदल नेमका कुठल्या ओळीत करायचा आणि त्याला किती पैसे लागतील (किंवा वाचतील). अशी टिपणी अवर सचिवाच्या टेबलावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडली तर ती मार्चच्या अर्थसंकल्पापर्यंत पोचण्याची थोडी आशा असते. फेब्रुवारीत पडली तर तिच्यावर चहाचा कप ठेवला जातो. मी स्वतः ठेवला आहे.

दुसरा रस्ता आमदाराचा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी. विधिमंडळात प्रश्न लागला की अख्खं खातं रात्री बसून उत्तर तयार करतं, आणि त्या रात्री ज्याचे आकडे हाताशी असतात त्याचेच उत्तरात जातात. तुमच्या ४१ विहिरींचे आकडे त्या रात्री कुणाकडे होते, हा खरा प्रश्न आहे.

---

डाळिंबवाला_सांगोला

कातळकोर साहेब, राग मानू नका. स्पष्ट बोलतो.

माझी चार एकर डाळिंब आहे. शेततळं नसतं तर मागच्या दुष्काळातच बाग सरपणाला गेली असती. 'मागेल त्याला शेततळे' २०१६ साली आली तेव्हा ऑनलाईन अर्ज करा म्हणून गावोगाव सांगत फिरले ते सरकारचेच लोक. बँकेनं कर्ज दिलं, अस्तर टाकलं. आता तुम्ही टेप घेऊन येता आणि म्हणता हे शेजाऱ्याचं पाणी.

असेल. पण मी नाही उपसलं तर तो उपसणार. विहिरीत पाणी ठेवून कुणाला बक्षीस मिळालंय? उपसून तळ्यात आणलं की ते माझं होतं, दिसतं तरी.

तुमचा पगार एक तारखेला होतो. तुमचं अनुमान चुकलं तर तुम्ही दुसरा पेपर लिहिता. आमचं चुकलं तर बाग जाते. शास्त्रज्ञानं बोलावं, जरूर बोलावं. पण बोलताना तोट्यात आमचा वाटेकरी कोण तेही सांगावं.

---

घाटमाथा

सांगोलकरांना +१. या धाग्यातला पहिला प्रामाणिक प्रतिसाद.

---

माडबन_ते_मुंबई

यात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं नाव अजून कसं आलं नाही? घ्या, मी आणतो.

पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट मार्च २०१० मध्ये नेमला गेला, अहवाल ३१ ऑगस्ट २०११ ला दिला. मग? मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती अधिकारात मागितला तर नाही म्हणाले, माहिती आयोगाने द्या म्हटलं तर दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथे हरले तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला.

आणि त्यात होतं काय, तर घाटाचे तीन दर्जे, कुठे काय करावं आणि करू नये याच्या सूचना, आणि अंतिम आखणी ग्रामसभांपर्यंत जाऊन लोकांना विचारून ठरवा, वरून लादू नका. गाडगीळ तो लिहिताना फिरले होते. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांचं प्रदूषण आणि दाभोळ खाडीतली मासेमारी यांवर त्यात लिहिलंय, आणि रत्नागिरी जिल्ह्यात जमावबंदीचे हुकूम किती दिवस लागू होते तेही मोजलंय: १९१ दिवस. पर्यावरणाच्या अहवालात जमावबंदीचे दिवस मोजणारा शास्त्रज्ञ मी दुसरा पाहिलेला नाही. सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी स्वतः ठराव केले होते की आम्हाला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्या.

पण माझ्या गावात अहवाल पोचायच्या आधी अफवा पोचली. "घर बांधता येणार नाही, काजूची झाडं तोडता येणार नाहीत, गुरं चारता येणार नाहीत." माझ्या काकांनी निषेधाच्या निवेदनावर सही केली होती. अहवाल वाचला होता का विचारलं तर म्हणाले, "अरे इंग्रजीत होता तो, आणि सही सगळेच करत होते."

म्हणून टिपणीकारांच्या 'मराठीत एक पान' याला माझा भक्कम पाठिंबा. फक्त ते पान मंत्रालयाच्या आधी वाडीत पोचायला हवं.

---

शंकासुर_१

गाडगीळांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं असं नाही वाटत? एवढा मोठा माणूस, लोकांत मिसळणारा, मराठीत सातत्याने लिहिणारा. झालं काय? वर कस्तुरीरंगन समिती नेमली. तिने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील धरला. त्या क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ मध्ये निघाला, मग दुसरा, तिसरा... सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला. वायनाडची दरड त्याच्या आदल्या दिवशी कोसळली. आणि माळीण गाडलं गेलं त्याला आदल्याच दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती, ३० जुलै २०१४.

शास्त्रज्ञ सांगून मोकळा होतो, राजकारणी ऐकून मोकळा होतो. माळीणला दीडशेवर माणसं गेली. मग मिळवलं काय?

---

माडबन_ते_मुंबई

@शंकासुर, मिळवलं हे की आज दरड कोसळली की गावातला पोरगा 'गाडगीळ अहवालात काय होतं' हे विचारतो. २०१० च्या आधी तो 'देवाची करणी' म्हणायचा. कमी आहे, मान्य. पण शून्य नाही.

---

डॉ_आडगाव

शंकासुर, यश मिळालेली उदाहरणंही आहेत, फक्त ती गाजत नाहीत.

रोजगार हमीची मजुरी ठरवताना पागे समितीने मजुराला दिवसाला किती उष्मांक लागतात याचा हिशेब धरला होता. ऐंशीच्या दशकात डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी तो हिशेबच तपासला. उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाची भूक त्यात कमी धरली होती. आकडे मांडले, चळवळीने ते उचलून धरले आणि मजुरी ४ रुपयांवरून १२ रुपये झाली. यात मोर्चा होताच, पण मोर्चाच्या हातात गणित होतं.

नंतर गडचिरोलीत ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. 'आशा' ताईंच्या कामात ही पद्धत देशभर घेतली गेली ती २०११ मध्ये. पुरावा जगातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आल्यावरही बारा वर्षं! कातळकोर, तुमची तीन झाली आहेत. अजून नऊ आहेत.

---

शंकासुर_१

डॉक्टर, पण बंग तटस्थ कुठे राहिले? गडचिरोलीच्या दारूबंदीच्या लढ्यात ते स्वतः होते. मग ते शास्त्रज्ञ की कार्यकर्ते?

---

डॉ_आडगाव

दोन्ही. आणि ते लपवलं नाही हाच मुद्दा आहे. मोजताना मन मोकळं हवं, मोजून झाल्यावर तोंड बंद ठेवायचं हे कुणी सांगितलं? मी रुग्णाचा रक्तदाब मोजतो, १८० दिसला तर 'आकडा दिला, मत देत नाही' म्हणून घरी जात नाही.

---

वाटाण्याच्या_अक्षता

काही डॉक्टर आकडाही देत नाहीत, फक्त बिल देतात.

---

पत्रिका_जुळली_नाही

तटस्थपणावरून आठवलं. जयंत नारळीकरांनी नुसतं 'फलज्योतिष थोतांड आहे' म्हणून भागवलं नाही, चाचणी घेतली. २०० पत्रिका: शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या, ओळखा म्हणाले. ५१ जण तयार झाले, उत्तरं आली २७ जणांची. सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवून जे येईल त्याच्याही खाली. सर्वांत चांगल्याचे ४० पैकी २४.

आणि ही चाचणी आधी की विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम आधी? अभ्यासक्रम आधी! अनुदान आयोगाने ते २००१ मध्ये आणले, शास्त्रज्ञ पुष्प भार्गव वगैरे न्यायालयात गेले, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. टिपणीकारांचा वरातीमागून घोड्याचा नियम इथेही लागू.

---

हिरकणी७७

माझ्या पत्रिकेत 'लेखी खुलासा' योग आहे का ते कुणी बघेल का? दोन झाले आतापर्यंत.

---

कलम_९

गंमत पुरे, खुलाशाचं बोलू. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४, नियम ९: सरकारच्या चालू किंवा नुकत्याच झालेल्या धोरणावर वा कृतीवर प्रतिकूल टीका करायची नाही. स्वायत्त संस्थाही बहुधा हेच नियम लावतात. राज्याचे १९७९ चे नियम साधारण त्याच वळणाचे.

पण लोक पुढचं पान उलटत नाहीत. नियम १० बघा. सरकारने, संसदेने किंवा विधिमंडळाने नेमलेल्या प्राधिकरणासमोर चौकशीत दिलेल्या साक्षीला पूर्वपरवानगीची अट लागत नाही, न्यायालयीन चौकशीतल्या साक्षीलाही नाही. म्हणजे तुम्ही उठून बोललात तर टीका, बोलावल्यावर बोललात तर साक्ष. शब्द तेच!

तेव्हा कातळकोर, पुढच्या वेळी ग्रामपंचायतीकडून तुमच्या संस्थेच्या नावे पत्र घ्या: 'आमच्या गावच्या भूजल नोंदींचं वाचन ग्रामसभेत करून मिळावं.' आवक क्रमांकासह. हे काही कवच नव्हे, पण नोंदी वाचून दाखवणं आणि योजनेवर टीका करणं यातला फरक कागदावर राहतो. मी वकील नाही, खुलासे लिहून लिहून शिकलो.

---

खोडदची_पोर

थोडं अवांतर, पण दुसरी बाजूही दिसू दे.

मी नारायणगावजवळची. खोडदची रेडिओ दुर्बीण आमच्या अंगणातलीच: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पंचवीसेक किलोमीटरमध्ये पसरलेल्या. विज्ञान दिनाला शाळेतून चालत जायचो, तिथे शास्त्रज्ञ ताई-दादा तासन् तास समजावून सांगायचे. मी विज्ञान शाखेला गेले ती त्यांच्यामुळे.

आता पुणे-नाशिक रेल्वे. विजेच्या गाडीमुळे रेडिओ लहरींत गोंगाट होतो म्हणून गाडी आमच्याकडून जाऊ शकत नाही, असं रेल्वे मंत्र्यांनी सांगितलं. आमच्या भागात वीस वर्षं लोक गाडीची वाट बघताहेत. इथे शास्त्रज्ञांचं म्हणणं धोरणात ऐकलं गेलं, एकदम ऐकलं गेलं. पण आमच्याकडे येऊन कुणी बोललं का, की बाबांनो, ताऱ्यांचं हे इतकं मंद काहीतरी ऐकायचंय, अमुक अंतर सोडून मार्ग निघतो का ते मिळून बघू? विज्ञान दिनाला येता, मग मार्ग ठरताना का नाही?

वडील टोमॅटो विकतात. ते म्हणतात, "आकाशातलं ऐकू येतं त्यांना, खालचं नाही."

---

घाटमाथा

वडिलांचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

---

वऱ्हाडी_ठेचा

बीटी वांगं (जनुक बदललेलं, किडीला दाद न देणारं) विसरले का सगळे? २०१० च्या सुरुवातीला तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आमचं नागपूर. मी तेव्हा कृषीचा विद्यार्थी, मागे उभा राहून ऐकलं. एका बाजूला वांग्याच्या माळा घातलेले लोक, दुसऱ्या बाजूला 'आम्हाला बीटी द्या'वाले शेतकरी. मधे एक प्राध्यापक कागद घेऊन उभे होते. त्यांचं दुसरं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. घरी नक्कीच चांगलं बोलत असतील.

९ फेब्रुवारीला स्थगिती आली. मग सहा विज्ञान अकादम्यांना मत विचारलं. त्यांनी अहवाल दिला, आणि त्यातले परिच्छेद आधीच छापून आलेल्या एका लेखातून जसेच्या तसे उचललेले निघाले. देशातल्या सगळ्यात मोठ्या शास्त्रज्ञांना सरकारने आपणहून विचारलं, तेव्हा हे! अशानं पुढं कोण विचारल भाऊ?

जनसुनावणीबद्दल एक कामाची गोष्ट. पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या सुनावणीला ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, सारांश स्थानिक भाषेत लागतो, आणि शेवटी आलेले मुद्दे लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागतात. ते वाचून होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आपला मुद्दा त्यात नसेल तर तिथल्या तिथं उभं राहायचं. बहुतेक तज्ज्ञ स्वतःचं भाषण झालं की गाडी गाठायला निघून जातात.

---

मिशिगनची_माई

इथे अमेरिकेत १९७३ पासून एक पाठ्यवृत्ती आहे, पीएचडी झालेले लोक वर्षभर संसदेत किंवा सरकारी खात्यांत काम करतात. माझी मैत्रीण गेली होती. पहिले तीन महिने ती फक्त 'थोडक्यात सांग' एवढंच शिकली म्हणे.

---

निवृत्त_टिपणीकार

माई, तुमच्या मैत्रिणीला आमच्याकडे पाठवा. ती फेब्रुवारीत येणार नाही एवढी खात्री आहे.

---

कातळकोर

मंडळी, दोन आठवडे गावात होतो, आता वेळ मिळाला. सगळं वाचलं. काही वाचून झोप उडाली.

कलम_९, पत्र घेतलं. आवक क्रमांकासह. टिपणीकार, एक पान लिहिलं, सात वेळा खोडलं. पहिल्या खर्ड्यात 'अधिक संशोधनाची गरज' होतंच, काढलं.

ग्रामसभेत परत गेलो. या वेळी बोललो नाही. शाळेच्या भिंतीवर ४१ विहिरींचा तक्ता खडूने काढला: दिवाळीला पाणी किती फुटांवर, होळीला किती. विहिरीला नंबर दिले, मालकांची नावं नाही. पाच मिनिटांत गावाने सगळे नंबर ओळखले. मग भांडण झालं, तासभर. मी मध्ये पडलो नाही. शेवटी एक म्हातारे उठले, म्हणाले, "हिवरे बाजारात दरसाली पाण्याचा ताळेबंद मांडतात आन शेतीला बोअर घेऊ देत नाहीत. आपण बोअरचं सोडा, ताळेबंद तर मांडू." ठराव झाला नाही, पण पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत 'ताळेबंद' लिहिलं गेलं. फीत कुणी काढली नाही, सगळेच भांडण्यात गुंतले होते.

आता डाळिंबवाले. तुमच्या प्रतिसादाचं उत्तर मला दोन आठवडे सापडलं नाही. 'मी नाही उपसलं तर तो उपसणार' याच्यावर माझ्या शास्त्रात औषध नाही. भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर बंधन आहे, त्याचं काय होतं ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. आणि तोट्यातला वाटेकरी... ते माझ्या एका पानात नव्हतंच. आता एक ओळ घातली आहे: ज्यांनी योजनेतून तळी घेतली त्यांच्यावर दंड नको, तळं झाकायला आणि पीक बदलायला पैसे द्या. पुरेसं नाही हे कळतं.

तुमच्याकडे यायचं आहे. मोजायला नाही, आधी बघायला. रविवारी चालेल का? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

डाळिंबवाला_सांगोला

पत्ता व्यनि केलाय. पण आत्ता नका येऊ, पाऊस सुरू आहे. पावसाळ्यात सगळ्याच विहिरी शहाण्या दिसतात.

मे महिन्यात या. टेप लांब आणा, आमच्याकडं डुब्ब ऐकू यायला वेळ लागतो.

---

वाटाण्याच्या_अक्षता

मी पण येऊ का? डाळिंब खायला. मत देणार नाही.